हळू चालणारी पुढे

२ एप्रिल

ढकलगाडीबाईंना थोरल्या जावेचा घाम पुसून नमस्कार-आशीर्वाद, जे हवं ते घे,

फोन का करत नाही म्हणून रुसू नकोस. फोन वाजला की सासूबाई ‘स्पीकर लाव’ म्हणतात आणि मग आपण दोघी अर्धा तास त्यांच्या गुडघ्याबद्दल बोलतो. पत्र त्यांना वाचता येणार नाही, कारण माझं अक्षर फक्त तुला आणि औषधाच्या दुकानदाराला लागतं.

तुझी बदली म्हणजे खरं तर धाकट्या भाऊजींची बदली, पण शिक्षा मला झाली आहे. रोज सकाळी प्रयोगशाळेत लोकांच्या दंडाला पट्टा बांधते, रक्त काढते, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावते आणि दुपारी घरी येऊन सायकलकडे बघत बसते. आमच्या ह्यांना म्हटलं, चला रविवारी. ते म्हणाले, सायकल दोन चाकांची आणि बायको एक, एका वेळी एकच सांभाळता येते. असल्या विनोदांवर मी इतकी वर्षं काढली आहेत.

गेल्या महिन्यात दोनशे किलोमीटरची फेरी होती. तुझ्याशिवाय पहिलीच. दुसऱ्या चेकपॉइंटवरून मी परत फिरले. पोट बिघडलं होतं. काळजी करू नकोस, तू असतीस तर तुझंही बिघडलं असतं, कारण केळी त्याच गाडीवरची होती.

आता मुद्द्याचं. सप्टेंबरातली डोंगरावरची जोडशर्यत. आपण दरवर्षी ठरवतो आणि दरवर्षी काहीतरी आडवं येतं. सासूबाईंना समजावताना माझी दमछाक झाली: आधी सायकलनं पायथ्यापर्यंत, मग पळत माथा गाठायचा आणि दुसऱ्या बाजूनं उतरायचं. पहिलं-दुसरं कुणी नाही, वेळेत पोचलं की झालं. फक्त जोडीतल्या दोघी एकत्र उभ्या राहिल्याशिवाय कुठल्याच चेकपॉइंटवर शिक्का मिळत नाही. सासूबाई म्हणाल्या, म्हणजे संसारच की.

मेमध्ये नावनोंदणी सुरू झाली की आपलं नाव टाकते. तुला विचारत बसत नाही, तुला काय विचारायचं.

तिथेही डोंगर आहेत म्हणे. सराव सोडू नकोस. एकटी जाऊ नकोस.

— ताई

१४ एप्रिल

ती. ताईंस,

पत्र आलं तेव्हा मी दवाखान्यात होते. दातांच्या दवाखान्यात फोन घेण्याचं काम म्हणजे दिवसभर कण्हणं ऐकायचं. कुणी ‘हॅलो’सुद्धा नीट म्हणत नाही, गाल सुजलेला असतो. तुमचं पत्र मी दोन फोनांच्या मध्ये मध्ये वाचलं आणि एका गृहस्थांना हसत हसत तारीख दिली. ते रागावले.

घर लागलं आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर दिसतो, म्हणजे त्याची पाठ दिसते. वर जायची वाट पलीकडून आहे. एकटी जाऊ नकोस असं लिहिलंत, तर नाही जात. आमच्या दवाखान्याच्या खाली चष्म्याचं दुकान आहे. तिथे भिंगं घासणाऱ्या एक बाई आहेत. मी सायकल जिन्याखाली लावते ते पाहून त्यांनीच विचारलं, डोंगरावर जाता का. सगळे त्यांना चष्मेवाली म्हणतात, मीही तेच म्हणते आता. दर रविवारी आम्ही जातो.

ताई, तिच्याबरोबर चढ कधी संपतो कळत नाही. परवा माथ्यावर पोचले तर मला दम लागलेला नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी तिथे उभी राहून खालची घरं बघितली. डोंगरावरून खाली काय दिसतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. तिचं चढणं शिकण्यासारखं आहे. समोरासमोर भेटाल तेव्हा सांगेन.

सप्टेंबरचं बघू या. ह्यांच्या कचेरीत तेव्हा हिशेब-तपासणी असते, घरी मीच लागते. बघते काय जमतं ते.

सासूबाईंच्या गुडघ्याला माझा नमस्कार सांगा. तुमचं पोट आता बरं आहे ना?

— तुमची ढकलगाडी

२२ एप्रिल

ढकलगाडीस,

पोट बरं आहे. पोटात दुखतंय ते वेगळ्या कारणानं.

म्हणजे मी तुला सायकलवर बसायला शिकवलं, गिअर कधी टाकायचा ते शिकवलं, पळताना उतारावर पाय कसा टाकायचा ते शिकवलं, तुझ्या पायातला गोळा रस्त्यात बसून चोळून काढला. आणि ही कोण कुठली चष्मेवाली येते नि दोन महिन्यांत तुझा दम लागणं बंद करते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

दिसते कशी ती? मला तर डोळ्यांसमोर दिसतेच आहे. सडपातळ असणार, काटकुळी नव्हे, सडपातळ. पोटऱ्या दोरीसारख्या. मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ. तिला मूलबाळ नसणार, सासू तर नसणारच. पहाटे उठून आधी हातपाय ताणत असणार. असल्या बायका मला प्रयोगशाळेत भेटतात, रक्त काढायच्या आधी आपलं हिमोग्लोबिन स्वतःच सांगतात.

हसू नकोस. मी काही जळत नाहीये. जळत असते तर एवढं लिहिलंच नसतं.

आता ऐक. मे महिन्यात आठवड्यातून तीनदा पळायचं, त्यातलं एकदा चढावर. सायकल रविवारी, लांबची. तिच्याबरोबर जाणार असशील तर जा, पण तिच्या वेगानं नको, माझ्या वेगानं जा. मी सांगते तसं केलंस तर सप्टेंबरात माझ्या मागे फार राहणार नाहीस. आणि खालची घरं बघत उभी राहू नकोस, अंग थंड पडतं.

हिशेब-तपासणीला एक दिवस नवरा उपाशी राहिला तर मरत नाही. माझा बघ, टुणटुणीत आहे.

— ताई

९ मे

ती. ताईंस,

पत्र मिळालं. इकडे दवाखान्यात फार गर्दी आहे, म्हणून थोडंच लिहिते. मोठ्या डॉक्टरांनी नवीन खुर्ची आणली आहे, ती वर-खाली होते पण मध्येच अडकते. कालच एक बाई तोंड उघडं ठेवून वर अडकल्या.

सराव चालू आहे. सप्टेंबरचं अजून नक्की नाही. तुम्ही इतक्यात नाव टाकू नका, मी कळवते.

चष्मेवाली तुम्ही लिहिलंत तशी नाही.

— ढकलगाडी

१ जून

आज वर काही नाव घालत नाही. काय घालावं ते सुचत नाही.

काल सकाळी शिट्टीवाल्या काकांचा फोन आला. आपल्याला नेहमी शर्यतीच्या सुरुवातीला शिट्टी वाजवून सोडतात तेच. मी एका गृहस्थांच्या दंडाला पट्टा बांधला होता. काका म्हणाले, “अहो ताई, तुम्ही जाऊबाईंचं नाव घातलंत, पण त्यांचं नाव आधीच दुसऱ्या जोडीत आलंय. एका बाईला दोन जोड्या चालत नाहीत.” मी म्हटलं, चूक असेल. ते म्हणाले, एक मेलाच, पहिल्या दिवशी आलंय, कुणी भिंगं घासणाऱ्या बाईंबरोबर.

त्या गृहस्थांना मला दोनदा टोचावं लागलं. माझ्या हातून असं होत नाही. लहान मुलाची शीरसुद्धा मला पहिल्यांदा सापडते. ते बिचारे म्हणाले, काही हरकत नाही, आणि मला रडू आलं ते त्यांना वाटलं त्यांच्यासाठी.

म्हणजे माझं नऊ मेचं पत्र, चुकले, तुझं नऊ मेचं पत्र तू लिहिलंस तेव्हा तुझं नाव तिच्याबरोबर गेलेलं होतं. ‘इतक्यात नाव टाकू नका, मी कळवते.’ कळलं हो. अडकणाऱ्या खुर्चीवर तीन ओळी खर्च केल्यास, ह्यावर एकही नाही.

मला मत्सर वाटतो आहे. सरळ लिहिते, म्हणजे तुला ओळींच्या मधलं वाचायला नको. बाईला नवऱ्याचं काही कळलं तर ती चार माणसांत रडू तरी शकते. माझं मी कुणाला सांगू? की माझी जाऊ दुसरीबरोबर डोंगर चढते? आमचे हे म्हणाले, मग तू दुसरी कुणी बघ. जणू मोजा हरवला आहे.

ती माझ्याहून तरुण आहे, चपळ आहे, समजलं. पण इतकी वर्षं प्रत्येक चढाच्या टोकाला तुझ्यासाठी थांबली कोण? क्लबातल्या सगळ्यांना विचार. सगळे पुढे निघून जायचे, मी थांबायचे. गरज सरो, वैद्य मरो.

सासूबाईंनी विचारलं तर मी सांगणार आहे, तुला वेळ नाही.

— ताई

१० जून

ताई,

तुमचं पत्र मी जिन्यात बसून वाचलं. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. तो आजही नाही, पण तुम्ही सरळ लिहिलंत, तर मीही लिहिते.

तुम्ही थांबायच्या हे खरं. सगळ्यांना दिसायचं. सगळे म्हणायचे, थोरली जाऊ किती समजूतदार, धाकटीसाठी वर थांबते. पण वर काय व्हायचं ते आठवतं का तुम्हाला? तुम्ही आधी पोचायच्या. सायकल टेकवायच्या, पाणी प्यायच्या, केळं खायच्या, पाय मोकळे करायच्या. मग मी खालून धापा टाकत यायचे. मी पोचले की तुम्ही म्हणायच्या, “आलीस? चला.” आणि निघायच्या. माझी वाट बघताना तुमचा आराम व्हायचा. माझा कधी झालाच नाही. प्रत्येक चढावर असंच. जितकी मी मागे पडायचे तितका तुम्हाला आराम जास्त आणि मला कमी. मग पुढच्या चढावर मी आणखी मागे.

मला वाटायचं, माझ्यातच दम नाही. मी घरी येऊन ह्यांना म्हणायचे, ताई माझ्यामुळे रखडतात. रविवार जवळ आला की वाटायचं, पाऊस पडावा. तरी मी कधी चुकवलं नाही, कारण तुमच्याबरोबर जायला मला आवडायचं. दोन्ही खरं आहे.

चष्मेवालीचा एकच नियम आहे. हळू चालणारी पुढे. मागचीनं तिला ओलांडायचं नाही. मागचीला कितीही घाई असली तरी पुढचीच्या टाचांकडे बघत यायचं. दोघी एकदमच वर पोचतात, दोघी एकदमच बसतात. एवढंच. त्यात काही विद्या नाही.

आणि ढकलगाडी. पहिल्या वर्षी मी सायकल ढकलत वर आणली, तेव्हा तुम्ही ते नाव ठेवलंत. मी पण हसले होते. त्यानंतर एकदाही ढकलली नाही, ताई. नाव तेच राहिलं. सासूबाई परक्या माणसांसमोर त्या नावानं हाक मारतात.

जोडशर्यतीत मी तिच्याबरोबर जाणार आहे. तुमच्याबरोबर गेले असते तर प्रत्येक चेकपॉइंटवर तुम्ही शिक्क्याच्या टेबलापाशी उभ्या राहून माझ्याकडे बघत राहिल्या असत्या. मला ते झेपणार नाही.

तुमच्यावर माझा राग नाही. होता, तो लिहिताना गेला.

— तुमची जाऊ

१७ जून

पत्र पोचलं. सासूबाई बऱ्या आहेत. इकडे सगळं ठीक.

— ताई

२३ सप्टेंबर

ताई,

मधल्या महिन्यांत मी तुम्हाला दोन पत्रं लिहिली, दोन्हींना उत्तर आलं नाही. आणि परवा माथ्यावर टेबलामागे तुम्ही! गळ्यात स्वयंसेवकाचं कार्ड, हातात शिक्का. मला आधी वाटलं, चढून चढून भास झाला.

तुम्ही आमच्या कार्डांवर शिक्के मारलेत, “पाणी संपलंय, घेऊन येते” म्हणालात आणि गेलात त्या परत आलाच नाहीत. आम्ही थांबलो. शेवटी शिट्टीवाले काका म्हणाले, आता उतरा, नाहीतर खालचा शिक्का चुकेल. आम्ही सगळ्यांच्या शेवटी पोचलो, पण वेळेत पोचलो. खाली गर्दीत मी तुम्हाला शोधलं.

का आला होतात? आणि आला होतात तर बोललात का नाही? चष्मेवाली वाटेत म्हणाली, तुझी ताई रडत होती का? मी म्हटलं, ताई रडत नाहीत.

— तुमची जाऊ

२ ऑक्टोबर

प्रिय जाऊबाई,

नवीन नाव सुचेपर्यंत हेच चालव.

का आले होते? तिला बघायला. दुसरं काही कारण नाही. काकांनी विचारलं, जोडी नाही तर स्वयंसेवक व्हाल का, तेव्हा मी माथाच मागून घेतला. म्हटलं, बाईंची एकदा गाठ घेऊ. माझ्या मनात फार वाईट होतं ते लिहिते. मला वाटत होतं, तुम्ही दोघींनी उशिरा यावं. वेळ संपल्यावर मी शिक्का डबीत ठेवून म्हणेन, क्षमा करा, नियम तो नियम. हे वाक्य मी घरी आरशासमोर म्हणून बघितलं होतं.

जोड्या येत गेल्या, मी शिक्के मारत गेले. प्रत्येक सडपातळ बाई दिसली की वाटायचं, हीच. मग बराच वेळ कुणी आलं नाही. काका घड्याळ बघायला लागले. आणि खालच्या वळणावर तू दिसलीस. तुझी चाल मी लांबून ओळखते. तुझ्या पुढे एक जाडजूड बाई होती, माझ्याहून वयानं मोठी, केस पांढरे, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकत एकेक पाऊल उचलत होती. मला वाटलं, वाटेत कुणी दमलेली बाई भेटली, तू तिला सोबत करते आहेस, आणि तुझी ती पुढे निघून गेली असेल. मी क्षणभर खूश झाले, कशी सोडून गेली बघ म्हणून. मग तुम्ही जवळ आलात आणि तिच्या गळ्यातला चष्मा दिसला.

ती माझ्याहून तरुण नाही. चपळ तर नाहीच. एखाद्या चपळ बाईनं मला हरवलं असतं तर चाललं असतं, खरंच. वेगवान बाईपुढे हरले म्हणून मी दोन दिवस जळले असते आणि तिसऱ्या दिवशी पळायला गेले असते. पण जी माझ्याहून हळू आहे तिच्यापुढे हरायचं कसं, हे मला माहीत नव्हतं. तू तिच्या टाचांकडे बघत येत होतीस आणि काहीतरी सांगत होतीस आणि हसत होतीस. चढावर! माझ्याबरोबर चढावर तू कधी एक शब्द बोलली नाहीस. मी समजायचे, तू अबोल आहेस.

वेळ व्हायला थोडा अवकाश होता. टेबलापासून चार पावलांवर ती थांबली, श्वास घ्यायला. मनात आलं, हिनं आता इथेच बसावं, उठूच नये. तू तिच्या मागेच उभी राहिलीस. पुढे आली नाहीस, घाई केली नाहीस, तिच्या पाठीला हातसुद्धा लावला नाहीस. मग ती आपली आपण आली. दोघींनी कार्डं पुढे केली. ती म्हणाली, “तुम्हीच ताई ना? हिला डोंगराची गोडी तुम्ही लावलीत, म्हणून मला सोबत मिळाली.” मी शिक्के मारले. आणि तोंडातून सवयीनं काय निघालं ते तू ऐकलंस. “चला.”

ती दगडावर बसली आणि म्हणाली, “थोडं बसू द्या की हो.” तूही बसलीस. मग मला तिथे उभं राहवेना. पाणी संपलेलं नव्हतं.

दोनशेच्या फेरीत माझं पोट बिघडलं नव्हतं. पहिला मोठा चढ चढून मी वर गेले, सायकल टेकवली, पाणी प्याले, केळं खाल्लं आणि थांबले. बराच वेळ थांबले. मागची माणसं ‘काय झालं, पंक्चर का’ विचारून पुढे गेली. मग लक्षात आलं की खालून कुणी यायचं नाहीये. पुढचा चढ चढवेना. गाडीत सायकल टाकून घरी आले.

तुझ्या चष्मेवालीबद्दल माझं मत बदललेलं नाही. ती चांगली आहे, त्यामुळे राग करायची सोय राहिली नाही, एवढाच फरक. मत्सर होता तिथेच आहे. रात्री कूस बदलली की टोचतो.

पुढच्या वर्षी माझ्याबरोबर येशील का? मी पुढे पळणार नाही.

— ताई

२१ नोव्हेंबर

प्रिय जाऊबाई,

तुझं पत्र मिळालं. पुढच्या वर्षीही तुम्ही दोघीच जाणार, तिला तसा शब्द दिला आहेस, हे गोल गोल न फिरवता लिहिलंस ते बरं केलंस. मला वाईट वाटलं, पण दिलेला शब्द मोडून माझ्याकडे आलेली जाऊ मला नको. असं मी सगळ्यांना सांगते आहे. मनातून चाललं असतं.

बातमी अशी की मला जोडीदारीण मिळाली. प्रयोगशाळेत साखर तपासायला आली होती, केक बनवून विकते, म्हणून आम्ही तिला केकवाली म्हणतो. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, चालत जा. ती म्हणाली, कुठे? मी म्हटलं, वर.

फार हळू आहे ग ती. दर दोन वळणांनी थांबून म्हणते, इथे एखादं बाकडं असायला हवं होतं. मी मागे असते. पहिल्या दिवशी जीव जात होता माझा, पायांना चाबूक मारावा असं वाटत होतं. आता तिच्या टाचा पाठ झाल्या आहेत, डावी जास्त झिजलेली आहे. वर गेलो की आम्ही बसतो. तिला बिनसाखरेचं काहीतरी करून आणायची हौस आहे, ते अजिबात चांगलं लागत नाही, मी खाते. खालची घरं दिसतात. आपल्या गच्चीवर सासूबाई उभ्या असतात त्याही दिसतात.

परवा मी तिच्या मागून चढताना गाणं गुणगुणत होते. तिनं सांगितलं तेव्हा मला कळलं.

पुढच्या वर्षी आम्ही दोघी जोडशर्यतीत नाव देणार आहोत. तुला सांगितल्यावाचून राहवलं नाही.

— ताई

२८ नोव्हेंबर

ताई,

तुमचं पत्र दुपारी आलं. मी ते ह्यांना वाचून दाखवायला घेतलं आणि केकवालीपाशी थांबले. ह्यांनी विचारलं, पुढे काय? मी म्हटलं, पुढे काही नाही, सासूबाई बऱ्या आहेत.

मला आनंद व्हायला हवा होता. मीच तुम्हाला ते सगळं लिहिलं होतं. तुम्ही ऐकलंत, बदललात, त्या बाईची साखर उतरेल, कुणाचंच काही वाईट झालं नाही. मग संध्याकाळभर मी भांडी आपटत का होते?

इतकी वर्षं मी तुमची पाठ बघत चढले. प्रत्येक चढावर मला वाटायचं, एकदा, एकदाच ताईंनी मागे राहावं. मागे त्या आहेत असं वाटून मला चढायचं होतं. मी मागितलं नाही, कारण तुम्ही हसाल असं वाटायचं. आणि ही आली, रक्त द्यायला आली, आणि पहिल्याच रविवारी तिला ते मिळालं. तुम्ही तिच्या टाचांकडे बघता. तिची डावी टाच झिजलेली आहे हे तुम्हाला माहीत आहे. माझी कुठली झिजते, ताई?

आणि गुणगुणता म्हणे.

आज चष्मेवालीला सांगितलं. ती भिंग पुसत होती. म्हणाली, तुझी ताई तुझ्यावर जळली तेव्हा तुला बरं वाटलं होतं ना? बरं वाटलं होतं. खूप.

मी रविवारी येते आहे. एकटीच, सायकल गाडीत टाकून. हे म्हणाले, आईच्या गुडघ्यासाठी जातेस का? त्यांना हो म्हटलं आहे, तुम्हीही तेच सांगा. सकाळी डोंगरावर जाऊ. मी पुढे चालेन. मला बोलायचं असेल तर बोलेन, नाहीतर नाही.

केकवाली चांगल्या बाई असतील, मी कुठे नाही म्हणते. पण ह्या रविवारी तिला बोलावू नका.

— तुमची जाऊ